मदत हवी आहे: व्हीएस कोडमधून रिमोट जुपिटरचा कर्नल कनेक्टच होत नाहीये

भाऊ लोक, जुपिटर सर्व्हर (नोटबुकमधला कोड चालवणारा प्रोग्राम) चालतोय जळगावला कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर आणि मी रावेरला घरी, लॅपटॉपला विंडोज. एसएसएच टनेल (दोन मशीनमधला सुरक्षित जोड) टाकून पोर्ट ८८८८ इकडे आणलाय, ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला की नोटबुक मस्त चालते, सेल पण रन होतात. म्हणजे टनेल आणि टोकन (सर्व्हरचा पासवर्डसारखा कोड) दोन्ही ठीक आहेत.

व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) मात्र एक्झिस्टिंग जुपिटर सर्व्हर निवडून तीच यूआरएल टोकनसकट टाकली तर कर्नलची (सेलमधला कोड प्रत्यक्ष चालवतो तो) यादी दिसते, निवडला की तिकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये कर्नल स्टार्ट झाल्याचं पण येतं, आणि इकडे सेलवर नुसतं गोल गोल फिरत राहतं, एरर पण धड देत नाही. मला वाटतं साधी एचटीटीपी रिक्वेस्ट जातेय पण वेबसॉकेट (दोन्हीकडून सतत चालू राहणारं कनेक्शन) मधेच अडकतंय.

करून पाहिलेलं: लोकलहोस्टऐवजी (म्हणजे आपलंच मशीन) १२७.०.०.१, लोकल पोर्ट बदलला, एक्स्टेंशन काढून परत टाकलं, सर्व्हरला अलाऊ ओरिजिन (दुसऱ्या पत्त्यावरून यायची परवानगी) दिलं. काही फरक नाही.

रिमोट एसएसएच (व्हीएस कोड थेट त्या मशीनवर चालवायचं एक्स्टेंशन) वापर असं सांगू नका भो, मशीनवर सेंटओएस ७ आहे, ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.१७, आणि नव्या व्हीएस कोडला २.२८ लागतं. अ‍ॅडमिन राइट्स नाहीत. केळीच्या बाजारभावाचा डेटा तिथंच आहे, लॅपटॉपवर मावत नाही.

एक गोष्ट, कॉलेजच्या वायफायसाठी विंडोजमध्ये प्रॉक्सी (इंटरनेटला जाताना मधला सर्व्हर) टाकलेला आहे तो तसाच आहे. ब्राउझर लोकलहोस्टला प्रॉक्सी टाळतो पण व्हीएस कोड वेबसॉकेट त्यातूनच पाठवत असेल का, आणि तसं असेल तर फक्त लोकलहोस्टपुरता प्रॉक्सी कुठल्या सेटिंगने बंद करायचा?