जुनी बॉक्स्टर: कूलंट कमी होतंय, खाली थेंबही नाही

गिअर_दुसरा (कोथरूड)

पोर्शे बॉक्स्टर एस, ९८६ मॉडेल, २००२ची, मॅन्युअल. कूलंटची पातळी हळूहळू उतरते, पण पार्किंगच्या फरशीवर डाग नाही. खंडाळ्याचा घाट चढून आलं की तापमानाच्या मीटरमधला दिवा हळू लुकलुकतो, काटा मात्र जागेवर. मागच्या डिकीत गोडसर वास येतो. कार्पेट वरून कोरडं लागतं. गॅरेजवाले म्हणतात वॉटर पंप बदला, नाहीतर लीक बंद करायचं औषध टाकू. पंपाला हात लावण्याआधी घरी काय तपासता येईल? जॅक, स्टँड, पाने आहेत. लिफ्ट नाही.

आटे_सांभाळून

औषध टाकू देऊ नका. ते भोक आणि बारीक नळी यांत फरक करत नाही. हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) आणि इंजिनावरचा ऑइलचा हीट एक्स्चेंजर (कूलंटने ऑइल थंड करणारा भाग) आधी तुंबतो.

दिवा हळू लुकलुकतो म्हणजे पातळी कमी असल्याचा इशारा आहे, गाडी तापल्याचा नाही. सेन्सरही कधीकधी खोटं बोलतो, म्हणून गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि डिकीतल्या टाकीवरच्या खुणांवर खरी पातळी बघा.

डिकीत वास येतोय तर पहिला संशय त्या टाकीवरच. ९८६ची प्लॅस्टिकची एक्स्पान्शन टाकी (कूलंट भरायची टाकी) वयाबरोबर ठिसूळ होते आणि जोडाच्या रेषेवर केसाएवढी चीर जाते. थंड असताना चीर मिटलेली असते. गरम होऊन दाब आला की उघडते. घाटानंतरच दिवा लागतो त्याचं कारण हेच असू शकतं. गळलेलं पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं, वर हात फिरवून कळत नाही. कार्पेट पूर्ण काढा. टाकीच्या खालच्या कडेला टॉर्च मारा, बोट फिरवा. वाळलेल्या कूलंटची पांढरट किंवा रंगीत खपली दिसली तर चोर सापडला. कोरडा टिश्यू कडेला चिकटवून एक चक्कर मारून आलात तरी समजेल.

त्याआधी झाकण. त्याच्या पार्ट नंबरचे शेवटचे दोन आकडे पाहा. ०४ ही सुधारित आवृत्ती. ००, ०१ असं काही असेल तर डोळे झाकून बदला. जुनं झाकण दाब धरत नाही, मग कूलंट वाफ होऊन निघून जातं आणि फरशीवर काहीच दिसत नाही.

गिअर_दुसरा

झाकणावर ०१ आहे, नवीन मागवतो. पण टाकीच्या खाली खपली दिसत नाही, निदान जिथवर डोळा पोचतो तिथवर तरी. प्रेशर टेस्टर (टाकीत हवेचा दाब भरून गळती शोधायचा हातपंप) भाड्याने मिळेल. कसा लावू?

आटे_सांभाळून

गाडी पूर्ण थंड हवी. गरम गाडीचं झाकण उघडणं हा मूर्खपणा, आणि गरम इंजिनावर बारीक गळती पडता पडताच वाळते. टाकीच्या आट्यांना बसणारा अडॅप्टर घ्या. युरोपियन गाड्यांच्या संचात असतो. साधा जपानी झाकणाचा अडॅप्टर बसणार नाही. १ बार दाब भरा, पंप थांबवा, अर्धा तास तसंच ठेवा. टेस्टरचा काटा उतरला तर टॉर्च घेऊन या क्रमाने फिरा: टाकी, टाकीचे होज (ते इंजिनाच्या बाजूने लागलेत, डिकीतून दिसत नाहीत), मग पंप, मग पुढचे रेडिएटर. झाकणावरच्या मर्यादेपलीकडे दाब नेऊ नका, नाहीतर चांगली टाकी तुम्हीच फोडाल.

काटा हलला नाही तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घाला, थोडे दिवस चालवा, मग अंधारात निळ्या टॉर्चने शोधा. पिवळट हिरवं चमकतं.

नाना_पेठेतला_पाना

टाकीबद्दल मान्य. पण २००२च्या गाडीत पंप कधी बदलला त्याची नोंद नसेल तर मी पंप बदलाच म्हणेन. पंपातला पंखा प्लॅस्टिकचा असतो, तुटला की तुकडे कूलंटच्या मार्गात अडकतात. बेअरिंग ढिलं पडलं तर पंखा इंजिनाच्या केसिंगवर घासतो, मग खर्च पंपापुरता राहत नाही.

पाहायचं कसं: इंजिन सीटच्या मागेच आहे, म्हणून सीट पुढे घ्या, मागचं कार्पेट आणि पॅनेल काढा, इंजिनाचा पुढचा भाग समोर येतो. पंपाच्या पुलीखालच्या वीप होलमधून (सील गेलं की पाणी बाहेर येण्यासाठी ठेवलेलं भोक) ओघळ किंवा खपली दिसली तर सील गेलं. बेल्ट काढून (टेन्शनरला २४चा पाना) पुली हाताने हलवा. कुरकुर किंवा ढिलेपणा अजिबात नको. पंपाचे बोल्ट एम६, अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात, १० न्यूटन मीटरला थांबा. खालचे काही बोल्ट गाडीखालूनच सापडतात, म्हणून स्टँड नीट लावा.

आटे_सांभाळून

नानाशी एवढंच भांडण की पंप "सोबत" बदलला तर गळती कुठली होती ते कधीच कळणार नाही. आधी टेस्ट, मग पंप, हवा तर.

पावसाळी_वारा

पुढचे रेडिएटर तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलेत. तुमच्या एसमध्ये तीन आहेत, दोन पुढच्या चाकांच्या पुढे आणि एक मधोमध. पुण्यात झाडांखालच्या रस्त्यांवर गुलमोहराची बारीक पानं बंपरच्या तोंडातून आत जातात, एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये भिजून चिखल होतो आणि खालचे कोपरे कुजवतो. चाकाच्या आतलं प्लॅस्टिक लायनर काढलंत की मागची बाजू दिसते. साफ करताना व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश. जेट मारू नका, फिन वाकतात.

कूलंटमध्ये मलईसारखा चिकट गाळ दिसला तर वरचं सगळं विसरा. ती ऑइल-पाण्याची सरमिसळ. चालू इंजिनात ऑइलचा दाब जास्त, म्हणून ते कूलंटमध्ये घुसतं. बंद केल्यावर कूलंट उलट ऑइलमध्ये जाऊ शकतं. हीट एक्स्चेंजरवर संशय घ्या, मग सिलिंडर हेडवर (इंजिनाचा वरचा भाग). गाडी चालवू नका, टो करा.

गिअर_दुसरा

गाळ नाही, स्वच्छ आहे. बॅटरीच्या दुकानातलं पाणी आणि बाजारातलं हिरवं कूलंट घालून भरलं तर?

आटे_सांभाळून

बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालेल, टँकरचं किंवा बोअरचं नको. क्षारांनी नळ्या भरतात. हिरवं मात्र आतल्यात मिसळू नका. वेगळ्या रसायनांची कूलंट मिसळली की काही वेळा जेली होते. पोर्शेने सांगितलेलं, फॉस्फेट नसलेलं घ्या, निम्मं निम्मं.

दुरुस्तीनंतर भरताना हवा काढणं हेच खरं काम, कारण रेडिएटर पुढे, इंजिन मध्ये, पाइप लांब. १८-२० लिटर मिश्रण तयार ठेवा. टाकीजवळच्या ब्लीड व्हॉल्व्हची (अडकलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तारेची कडी वर उचला, हीटर पूर्ण गरमवर, हळू भरा, इंजिन चालू ठेवून पातळी टिकवा. व्हॅक्यूम फिलर (आधी आतली हवा ओढून मग कूलंट भरणारं साधन) मिळाला तर उत्तम. नंतर पहिल्या काही फेऱ्या सिंहगड रस्त्यासारख्या गर्दीत करा, घाटात नाही, आणि प्रत्येक वेळी थंड झाल्यावर पातळी बघा. थोडी उतरली तर घाबरू नका, राहिलेली हवा निघतेय. रोज उतरत राहिली तर टेस्टर परत लावा.

जुनं कूलंट बादलीत झाकून ठेवा. सोसायटीतल्या कुत्र्यामांजरांना गोड लागतं आणि विषारी असतं.