शब्दचर्चा : भूराजनीती, भूराजकारण आणि थोडा 'ताबा'

पेठेतला मुद्रितशोधक :
स्पर्धा परीक्षेच्या नोट्स तपासायचं काम घेतलंय. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत मुलं जी स्पायरल बाइंडिंगची चोपडी पुढ्यात घेऊन बसतात, तसलंच एक. एकाच गोष्टीसाठी, म्हणजे भूगोलावरून ठरणाऱ्या देशादेशांतल्या राजकारणासाठी, त्यात चार शब्द सापडले: भूराजनीती, भू-राजकारण, भौगोलिक राजकारण आणि दोन ठिकाणी सरळ जिओपॉलिटिक्स. मी सगळीकडे 'भूराजकारण' केलं. लेखकाने ते सगळं पुन्हा 'भूराजनीती' करून पाठवलं आणि समासात लिहिलं, 'राजकारण हा शब्द हलका वाटतो.' तुम्ही काय वापरता? आणि हलका म्हणजे नक्की काय?

खडू-फळा :
हलका वाटतो, कारण आपणच तो हलका केला. पार्किंगचं राजकारण, भिशीतलं राजकारण, लग्नात मानपानावरून झालेलं राजकारण. पण दासबोधात समर्थ क्रम लावतात तो 'मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण' असा. हरिकथेच्या लगेच खाली बसवलेला शब्द हलका कसा असेल? मराठेशाहीच्या पत्रव्यवहारातही 'राजकारण' म्हणजे बहुधा दुसऱ्या दरबाराशी आतून चाललेली बोलणी, जोडतोड. म्हणजे आज आपण ज्याला परराष्ट्र व्यवहार म्हणतो, त्याच्या हा शब्द फार जवळ होता.

राजनीती मराठीत वेगळी आहे. राजाने कसं वागावं ती राजनीती, तो प्रत्यक्षात जे करतो ते राजकारण. हिंदीत दोन्हीला 'राजनीति' म्हणतात आणि वृत्तवाहिन्यांच्या पट्टीवरून ती थेट आपल्या घरात आली. तुमचा लेखक हिंदीतल्या नोट्सवरून काम करत असणार, पैज लावतो.

मूळ शब्दाबद्दल थोडं. रुडॉल्फ शेलेन या स्वीडिश राज्यशास्त्रज्ञाने तो १८९९ मध्ये वापरात आणला. पुढे १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत मॅकिंडर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने व्याख्यान दिलं. सांगणं असं, की जहाजांचा काळ सरत आला, आता रेल्वेमुळे युरेशियाच्या पोटातला प्रदेश जगाची बिजागरी होईल. मग जर्मनीत भूगोलाचे प्राध्यापक हाउसहोफर आणि मंडळींनी हा शब्द नाझींच्या दाराशी नेऊन ठेवला, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर तो बरीच वर्षं कोणी चारचौघांत उच्चारेना. १९७०च्या दशकात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी त्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली. हलकेपणाचंच बोलायचं, तर इंग्रजी शब्दाची वंशावळही काही सोवळी नाही.

एक गुंठा :
पुण्यात भूराजकारण म्हटलं की माणसाला जमिनींचे सौदे, एनए, टीडीआर आणि रिंगरोड आठवतो. लेखकाची भीती अगदीच खोटी नाही.

सातबारा :
एक गुंठा यांनी गंमत केली, पण मुद्दा तिथेच आहे असं मला वाटतं. जमिनीच्या वादांत आयुष्य गेलं (माझ्या नव्हे, वडिलांच्या. मी फक्त तारखांना पिशवी धरून उभा असायचो), त्यामुळे वर्तमानपत्रातला एक शब्द वाचून दर वेळी बरं वाटतं: 'प्रत्यक्ष ताबारेषा'. हिंदीत 'वास्तविक नियंत्रण रेखा'. मराठीतही काही जण 'प्रत्यक्ष नियंत्रण रेषा' लिहितात. नियंत्रण म्हणजे कोणी शहाणा माणूस खुर्चीत बसून व्यवस्था बघतोय असं वाटतं. ताबा म्हटला की उताऱ्यावर नाव कोणाचंही असो, नांगर कोणाचा फिरतो ते कळतं.

भारत-चीन रेषेचं नेमकं हेच आहे. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर धरतो, चीन सुमारे दोन हजार. बांध कुठे आहे यावरच एकमत नाही, तर त्याची लांबी कशी जुळणार? त्यामुळे दोन्हीकडच्या गस्ती जातात, वहिवाट दाखवतात आणि परततात. कधी परतत नाहीत, जून २०२० मध्ये गलवानला झालं तसं. वहिवाट दाखवण्यासाठी दरसाल बांधावर जाऊन चार काट्या तोडून येणारे आमचे काका मला यात स्पष्ट दिसतात.

पाकिस्तानच्या बाजूची रेषा निराळी. १९७२च्या सिमला करारानंतर ती दोन्ही सैन्यांनी नकाशावर आखून घेतली, सह्या केल्या. तिला 'नियंत्रण रेषा' म्हणायला हरकत नाही. फक्त ती एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबते. पुढचं बर्फ, तिथे कोण जातंय मरायला, असा विचार असावा. १९४९च्या कराची कराराने त्या टोकाबद्दल एवढंच म्हटलं होतं, की तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. आता 'उत्तरेकडे' म्हणजे सरळ उत्तर, की डोंगराची धार जाईल तशी उत्तर? पाकिस्तानने रेषा ईशान्येला काराकोरम खिंडीकडे ओढली, भारताने साल्तोरो डोंगररांगेच्या धारेवरून. १९८४च्या एप्रिलमध्ये भारताने सियाचेनवर सैन्य चढवलं, ते अजून तिथेच आहे. चतुःसीमा लिहिताना तलाठ्याने आळस केला की तीन पिढ्या कोर्टात जातात, हे आमच्या घरी पाठ आहे.

तेव्हा माझं मत भूराजकारणाला. त्यात 'भू' मातीचाच राहू दे.

इंदापूरकर, सध्या वारजे :
सातबारांनी जमीन सांगितली, मी पाणी सांगतो. नोट्समध्ये 'ऊर्ध्ववर्ती राष्ट्र' आणि 'अधोवर्ती राष्ट्र' असं काही असलं तर कृपा करून काढा. आमच्याकडे त्याला हेड आणि टेल म्हणतात. खडकवासल्याच्या कालव्यावर आमचं गाव टेलला. पुणं हेडला, नव्हे, धरणाच्या कुशीतच. आवर्तन सुटलं असं पेपरात येतं, पाणी आमच्या चारीला येईपर्यंत ऊस माना टाकतो. वरच्या माणसाने मुद्दाम काही केलेलं नसतं. त्याच्या हातात कालव्याच्या दाराची चाकी आहे, एवढं पुरतं. खालच्याला झोप लागत नाही.

आता मी वारज्यात राहतो, नळाला पाणी कमी आलं की ओरडतो. गावी गेलो की पुणेकरांच्या नावाने ओरडतो. देशांचंही तसंच असतं. ब्रह्मपुत्रेवर आपण टेलला. तिबेटात मेदोगजवळ चीनने जुलै २०२५ मध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं, तेव्हा आपल्याकडे जी काळजी लिहिली गेली ती शब्द न शब्द टेलच्या शेतकऱ्याची होती. पण गंगेवर बांगलादेशाच्या दृष्टीने आपण हेडला. फरक्का बंधारा १९७५ पासून चालू आहे, पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार व्हायला १९९६ उजाडलं. सिंधूवरही आपण हेडला. १९६० चा करार तीन युद्धं झाली तरी टिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आपण तो स्थगित केला. त्याच आठवड्यात लोक 'पाणी तोडलं' म्हणू लागले. कालव्यावरचा कोणीही सांगेल, चाकी बंद करायला वर साठवायला धरण लागतं. पश्चिमेकडच्या नद्यांवर तेवढा साठा आपल्याकडे नाही. 'स्थगित' आणि 'तोडलं' यांत काही टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) अंतर आहे.

शुद्धलेखन :
हेड आणि टेल मराठी?

इंदापूरकर, सध्या वारजे :
या एकदा चारीवर. ऊर्ध्ववर्ती म्हणून हाक मारा, बघू कोण ओ देतं.

चांदणी चौकात अडकलेला :
समुद्राचं कोणी बोलेना. 'चोकपॉइंट'ला काय म्हणायचं? भाषांतरात 'अवरोध बिंदू' वाचलंय. औषधाचं नाव वाटतं. मला 'कोंडी' आवडते. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी चाळीस किलोमीटरहून कमी आहे आणि २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे दोन कोटी पिंपं तेल जात होतं, जगाच्या वापराच्या पाचव्या हिश्शाइतकं. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये आडवं झालं आणि सहा दिवस मागे रांग. ते चित्र पाहून घाटात आडव्या झालेल्या कंटेनरची आठवण न झालेला पुणेकर दाखवा.

खडू-फळा :
कोंडी ही घटना झाली, जागा नव्हे. जागेला 'खिंड' किंवा 'नाकं' म्हणा. नाकं अडवलं की कोंडी होते. २०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या नाक्यावर जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला. दहा-बारा दिवस जास्त, डिझेल जास्त, विमा जास्त. पावनखिंडीत मूठभर माणसं सिद्दीच्या फौजेला का थोपवू शकली, तेच इथे. जागा अरुंद असली की संख्येची किंमत उतरते. ज्यांच्याकडे नाव घेण्यासारखं आरमार नाही असे लोक जगाचा व्यापार वळवू शकतात, ते त्यामुळे.

आणि आरमाराचा विषय निघालाच आहे तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवा. टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियनांबद्दल, ते सावध करतात की हे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या मागे राजे आहेत. वखारीला जागा मागितली तर समुद्रकिनारी देऊ नका, आत द्या. हे अठराव्या शतकाच्या आरंभीचं. २०१७ मध्ये श्रीलंकेने हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, तेव्हा मला हेच पान आठवलं होतं.

शुद्धलेखन :
सगळ्याला शिवकाल आणि पेशवाई चिकटवायची पुणेरी खोड जात नाही. हंबनटोटा श्रीलंकेने कर्जाच्या ओझ्याखाली आणि स्वतःच्या हिशेबाने दिलं. किनारी वखार नाकारण्याइतकं बळ हातात असतं तेव्हाच आज्ञापत्र उपयोगी पडतं. शब्दांवर या.

माझी अडचण 'बहुध्रुवीय' (बळाची अनेक केंद्रं असलेलं जग) या शब्दाशी आहे. ध्रुव म्हटलं की मराठी माणसाला अढळपद आठवतं. सावत्र आई बापाच्या मांडीवर बसू देईना म्हणून रानात गेलेला मुलगा, आणि मग कधीच न हलणारा तारा. इथे तर सगळं हलतंय हेच सांगायचंय. शिवाय 'सत्तांतर' वापरावं तर वाचक मंत्रालयात जाऊन पोचतो. मी 'बळाचा तोल सरकतोय' असं लिहितो. सत्ता म्हणजे अधिकार, तो कोणीतरी दिलेला असतो. देशांना देणारा वर कोणी नाही, त्यांच्यात असतं ते बळ.

कानडी आजोळ :
शुद्धलेखन, 'महासत्ता' मग 'महाबळ' करणार का? महाबळेश्वरचं तिकीट काढावं लागेल.
मला 'तटस्थ' या शब्दाबद्दल लिहायचंय. तटावर उभा तो तटस्थ. नदी वाहते, भांडणारे पाण्यात, हा काठावर. भूगोल शब्दातच आहे. 'अलिप्त' मात्र कमळाच्या पानाचा, त्याला पाणी लागत नाही. १९६१ मध्ये बेलग्रेडला जमलेल्यांना आपण अलिप्त राष्ट्रं म्हणतो ते छान आहे, हिंदीतलं 'गुटनिरपेक्ष' उच्चारताना दातात अडकतं. कौटिल्याचा शब्द तिसराच, 'उदासीन'. आपण उदासीन म्हणजे ज्याला कशाचं काही वाटत नाही तो. त्याच्या राजमंडळात उदासीन म्हणजे भांडणाऱ्या राजांच्या वर्तुळापलीकडे बसलेला, सगळ्यांहून बलवान, हवं त्याला तारील किंवा चेपील असा राजा. दोन महासागरांआड बसलेली अमेरिका १९१४ ते १९१७ या काळात उदासीन होती, ती कौटिल्याच्या अर्थाने. शब्द तोच, पण मधल्या काळात त्याचं बळ गेलं आणि नुसती मरगळ राहिली.

आज भारत जे करतो त्याला यातलं काहीच लागू पडत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, त्याआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, नंतर तो तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. त्याच वेळी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाड या चार देशांच्या गटातही आपण बसतो. हा माणूस काठावर उभा नाही. मराठीत दोन डगरींवर पाय म्हणतात, पण त्यात निंदा आहे. निंदा न करता हे सांगणारा शब्द हवाय. 'व्यूहात्मक स्वायत्तता' नको, ते परिपत्रक आहे.

सातबारा :
'सगळ्यांशी धरून असणे'. आमची आई असायची, चारही भावकींशी.

एक गुंठा :
आणि कोणाच्याच बाजूने सही करायची नाही. बरोबर?

सातबारा :
बरोबर. म्हणून तर पिशवी धरायला मी लागायचो.

चाकण पहिली पाळी :
'भू' मातीचा राहू दे म्हणालात म्हणून. 'दुर्मीळ मृदा' (रेअर अर्थ) हा शब्द चुकीचा आहे, ही धातूंसारखी मूलद्रव्यं आहेत, माती नव्हे. जुने रसायनशास्त्रज्ञ काही ऑक्साइडांना 'अर्थ' म्हणायचे, तो शब्द चिकटला. फारशी दुर्मीळही नाहीत. खणून वेगळी करायचा उद्योग चीनने हातात ठेवलाय, ती खरी गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी त्यातल्या सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्यांची इकडे धावपळ झाली. म्हणजे हेडला बसायला नदीच लागते असं नाही, इंदापूरकर.

पेठेतला मुद्रितशोधक :
सगळ्यांचे आभार. लेखकाशी फोन झाला. दासबोधाची ओवी ऐकून 'भूराजकारण' मान्य केलं. 'ताबारेषा' मान्य. हेड-टेल कंसात सुद्धा नको म्हणाले, मग 'वरचा देश, खालचा देश' यावर मिटलं. 'नाकं' लिहिलं तर मुलांना टोल आठवेल म्हणून तिथे 'खिंड' ठेवलीय, समुद्रातली असली तरी. 'उदासीन'वर एक अख्खी तळटीप घालायला तयार झाले, हा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो म्हणे.

आता पान ६१. तिथे 'सॉफ्ट पॉवर'चं 'मऊ सत्ता' केलंय. वेगळा प्रश्न काढू की इथेच बोलायचं?