मद्यपानावरचा अभ्यास: ऑडिट प्रश्नावली पुरेल का, आणि न आलेल्यांचं काय?

अनुमान: समुपदेशनाने पिणं कमी होतं का, यावर प्रबंध आखतोय. दोन गट, मोजणी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी ऑडिट (पिण्याच्या सवयी जोखणारी प्रश्नावली) भरून घ्यायची आणि गुणांतला फरक काढायचा, असा बेत आहे. गाईड म्हणतात, लघवीची चाचणी नसेल तर सहभागींच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसरी शंका: फॉलो-अपला न आलेला माणूस 'प्यायला' असं धरून चालावं का?

कालगणक: चाचणीचं नंतर बघू, आधी ऑडिटच चुकीच्या जागी आहे. तिच्या १० प्रश्नांपैकी क्रमांक ४ ते ८ चे प्रश्न सरळ 'गेल्या वर्षभरात' असं विचारतात आणि शेवटच्या दोघांचे पर्यायही वर्षावरच बेतलेले. तीन महिन्यांनी भरून घेतलीत तर त्या उत्तरांत समुपदेशनाआधीचे नऊ महिने आलेच. माणसाची दारू पूर्ण सुटलेली असली तरी या प्रश्नांचे गुण फारसे हलणार नाहीत. ऑडिट निवडीसाठी ठेवा (४० पैकी ८ किंवा जास्त गुण) आणि परिणाम मोजायला टाइमलाइन फॉलोबॅक (रोजचं पिणं कॅलेंडरवर भरून घेण्याची पद्धत) घ्या.

त्यात ९० दिवसांचं कॅलेंडर समोर ठेवतात. आधी खुणेचे दिवस भरून घ्या: पगार, लग्नकार्य, प्रवास, आजारपण. मग सलग न प्यायलेले दिवस, मग सर्वात जास्त प्यायलेले, आणि उरलेले कालपासून मागे मागे जात. 'सरासरी किती घेता?' असं विचारलंत की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो, आकडा नाही.

खरा घोळ मापात होतो. मिलिलिटर गुणिले अल्कोहोलची टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७८९, म्हणजे ग्रॅम. ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम भरते. १० ग्रॅमला एक पेय धरलं तर चार पेयं. सहभागी ती 'एक बिअर' म्हणून सांगतो आणि मुलाखतकार १ लिहून मोकळा होतो. म्हणून कॅलेंडरवर आकार आणि टक्केवारी लिहा, हिशेब घरी करा. मुलाखत समुपदेशकाने घ्यायची नाही, आणि सुरू करण्यापूर्वी श्वासचाचणी शून्य हवी.

रसायन: गाईडची शंका रास्त आहे, पण उपाय अपुरा. दारू लघवीतून काही तासांत जाते. ईटीजी (दारूपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) लघवीत तपासलंत तरी शेवटच्या दोन-तीन दिवसांचंच कळतं, आणि मर्यादा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर ठेवलीत तर माउथवॉशही गोत्यात आणू शकतो. रक्तातलं पेथ (हाही दारूमुळेच तयार होणारा पदार्थ) साधारण दोन ते चार आठवड्यांचं सांगतं; परवडत असेल तर तेच घ्या. ९० दिवसांचा हिशेब मात्र कुठलीच चाचणी देत नाही.

तरी नमुना घ्याच. तो घेतला जाणार हे आधी माहीत असलं की माणूस खरं बोलायची शक्यता वाढते. बोललेलं घरी, पोलिसांकडे किंवा मालकाकडे जाणार नाही ही खात्रीही तितकीच कामाची. लघवी असेल तर चार मिनिटांत तापमान बघा (३२ ते ३८ अंश सेल्सिअस). क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा पदार्थ) २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पातळ समजा.

शेषफल: 'न आला म्हणजे प्यायला' हे कडक वाटतं म्हणून सुरक्षित वाटतं. नाही! समजा दोन्ही गटांत ५० जण. समुपदेशनाच्या गटातले ४० आले, त्यांतल्या २० जणांची दारू सुटलेली. दुसऱ्या गटातले २५ आले, १२ जणांची सुटलेली. आलेल्यांत ५० विरुद्ध ४८ टक्के, फरक नाहीच. न आलेले प्यायले धरा: ४० विरुद्ध २४. हा फरक समुपदेशनाने पडला की हजेरीने, हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही. बहुविध आरोपण (न मिळालेले आकडे उपलब्ध माहितीवरून अनेकदा अंदाजून भरणं) करा, आणि न आलेल्यांत पिण्याचं प्रमाण कमीजास्त धरून निष्कर्ष टिकतो का ते दाखवा.

गळती रोखणं त्याहून स्वस्त. समुपदेशन सोडलेला माणूस अभ्यास सोडलेला नसतो, त्यालाही फोन करा. सुरुवातीलाच लेखी संमतीने दोन-तीन परिचितांचे नंबर घ्या, पण त्यांना अभ्यासाचा विषय सांगू नका.

अनुमान: फरक कॅलेंडरवरूनच काढेन. मग प्रत्येक गटाची आधी-नंतर टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना) करू?

शेषफल: नको. लोक अभ्यासात येतात ते पिणं टोकाला गेलेलं असताना, त्यामुळे काही न करताही आकडे खाली येतात. शिवाय नुसतं कॅलेंडर भरूनही काही जण कमी करतात. दोन्ही गट 'सुधारलेले' दिसतील. गटांची तुलना एकमेकांशी करा, सुरुवातीचा आकडा सहचल म्हणून (म्हणजे त्याचा प्रभाव हिशेबात धरून) घालून. पिण्याच्या दिवसांत शून्यांची गर्दी असेल, तिथे साधं रिग्रेशन चालणार नाही. निगेटिव्ह बायनॉमियल (मोजून मिळालेल्या, खूप विखुरलेल्या आकड्यांसाठीचं रिग्रेशन) बघा.