वस्तीतल्या जुन्या मिशन हॉलचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न: पन्हळी पत्र्याचा छोटा हॉल आहे. कोनशिलेवरची अक्षरं झिजलीत, बाप्तिस्म्याच्या नोंदी सापडत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १: कोनशिला खरवडू नका, खडूही फिरवू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरांत सावली पडते आणि ती वाचता येतात. ते वर्ष पायाभरणीचं असतं, उद्घाटनाचं नव्हे. बहुतेक जण इथेच फसतात. पन्हळी पत्र्याचं पेटंट १८२९ चं, जस्ताच्या मुलाम्याचं १८३७ चं. त्याआधीचं साल कुणी सांगितलं तर मंडळी (चर्चचा समुदाय) जुनी असेल, ही इमारत नाही.

प्रतिसाद २: नोंदी मूळ चर्चमध्ये बघा. असे हॉल बरेचदा शाखा असायचे. बाप्तिस्मा, लग्नं तिकडे, इथे सभा आणि संडे स्कूल (रविवारचे मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग). संडे स्कूलच्या बक्षिसाची पुस्तकं मात्र सोडू नका (रद्दीत जातात ती हीच). पुठ्ठ्याच्या आत डकवलेल्या चिठ्ठीवर हॉलचं नाव, मुलाचं नाव आणि बहुधा सालही मिळतं.

प्रतिसाद ३: वयस्करांना नुसतं ‘काय आठवतं?’ विचारलं तर ‘छान होतं’ एवढंच हाती लागतं. कोरा नकाशा पुढे ठेवा: वाजवायची पेटी कुठल्या भिंतीला, शेगडी कुठे, बाकं किती? प्रत्येकाला वेगळं बसवा. एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते.

प्रश्नकर्ता: मूळ चर्चचं सुचलंच नव्हतं. उद्या टॉर्च घेऊन जातो.