गाव ‘वसवायचे’ की ‘बसवायचे’, आणि त्यातल्या माणसांना काय म्हणायचे?

आर्वी तालुक्यातून, मूळ प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ मराठीतून सुरू केला आहे. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या कुळातलाच तो आहे. एक जण सूत्रधार होतो, बाकीची मुले एकेक साहसी पात्र घेतात आणि पात्राने केलेला प्रयत्न साधला की फसला, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. साहस सुरू होण्याआधी सूत्रधाराला एक काल्पनिक गाव माणसांनी भरावे लागते : पाणवठ्यावर कोण भेटेल, तलवारीला धार कोण लावून देईल, वेशीवर कोण अडवेल. त्यासाठीची टिपणे मी लिहिते आहे. त्यातले पहिलेच वाक्य ‘चला, आपण एक गाव बसवू या’ असे होते. टिपणे तपासणाऱ्या पुण्याकडील स्नेह्यांनी ते खोडून ‘वसवू या’ असे केले आणि ‘बसवणे ही हिंदीची लागण आहे’ असा शेरा दिला. आमच्या घरी आजीपासून सगळे गाव बसवतच आले आहेत.

दुसरी अडचण अशी की, जी पात्रे कोणताही खेळाडू घेत नाही, सूत्रधारच ज्यांच्या तोंडून बोलतो, त्यांना काय म्हणावे? ‘बिगरखेळाडू पात्र’ हे मुलांच्या तोंडात रुळत नाही.

अमरावतीहून, निवृत्त मराठी शिक्षक

ताई, आपल्या स्नेह्यांचा शेरा कठोर असला तरी दुरुस्ती बरोबर आहे. वसणे हे संस्कृत ‘वस्’ धातूपासून आले. वस्ती, वसाहत, रहिवासी, पुनर्वसन हे सारे त्याच घरचे. बसणे हे ‘उपविश्’पासून, ‘बैसणे’ या जुन्या रूपातून आले आहे. हे दोन वेगळे धातू आहेत. हिंदीत मुळातल्या ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून आपल्या वीसला तिकडे बीस, वाघाला बाघ आणि वसवण्याला बसाना म्हणतात. आणि खाली बसण्यासाठी त्यांच्याकडे ‘बैठना’ हे निराळे क्रियापद असल्यामुळे त्यांचा कधी गोंधळ होत नाही. आपण ते ‘बसाना’ उचलून मराठी प्रत्यय लावला की दोन निराळे अर्थ एकाच रूपात कोंबले जातात. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना कौल, म्हणजे सवलतींची हमी, देत, शेटे आणि महाजन नेमत, आणि तेथे शब्द ‘वसवणे’ हाच आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या मजकुरात हा भेद राखला पाहिजे, कारण शाळेबाहेर तो राखणारे आता फार थोडे उरले आहेत.

दर्यापूर तालुक्यातून

गुरुजी, व्युत्पत्ती मान्य आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आपण गणपती बसवतो, घट बसवतो, धंद्यात जम बसवतो, विस्कटलेल्या कामाची घडी बसवतो. या प्रत्येक ठिकाणी ‘बसवणे’ म्हणजे एखादी गोष्ट तिच्या जागी स्थिर करणे होय, आणि हा अर्थ हिंदीकडून घेतलेला नाही. मग माळरानावर वीस घरे स्थिर केली तर ते गाव बसवणे का नव्हे?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या शब्दाची जोडी. धरणाच्या बुडीत क्षेत्रातली माणसे गोसीखुर्दची असोत की अप्पर वर्ध्याची, ती ‘आमचं गाव उठलं’ असेच सांगतात. उठण्याच्या उलट बसणे. जे उठले ते दुसरीकडे बसते, ही त्यांची भाषा आहे. ‘पुनर्वसन’ हा शब्द सरकारी कागदावरून त्यांच्यापर्यंत आला. माझे आजोळ असेच उठलेले गाव आहे, आणि मामा आजही ‘नवीन गाव बसलं तेव्हा’ अशीच सुरुवात करतात. त्यांच्या तोंडच्या शब्दाला लागण म्हणणे मला सहन होत नाही. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर आणि वऱ्हाड हा मुलूख हिंदी भाषकांसह एकाच राज्यात होता. इतक्या वर्षांच्या शेजारातून एखादे क्रियापद आलेच असेल, तर ते आता घरचे झाले आहे.

भंडारा जिल्ह्यातून

क्रियापदाचा निकाल लागेल तेव्हा लागो. गाव कोणत्या मुलखातले धरायचे हे आधी ठरवावे लागेल, कारण त्यावर त्यातली माणसे बदलतात. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला आणि तेथे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत, चालली; नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि आमच्याकडे मालगुजारी आली, म्हणजे गावचा सारा मालगुजाराने भरायचा. म्हणून वऱ्हाडी कथेत गावचा प्रमुख पाटील असेल, तर आमच्या कथेत वाड्यात राहणारा मालगुजार. त्या गावाला तळे असणारच. आजही अशा तळ्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तळे आले की मासे धरणारे ढिवर आले, तळ्याखालची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले भातशेत, आली, पाण्याच्या पाळीवरून भांडणारे दोन शेजारी आले. सूत्रधाराला याहून अधिक काय हवे? हिशेब राखणारा मात्र दोन्हीकडे पटवारीच ठेवावा. कुलकर्णी किंवा तलाठी लिहिले की कथा घाटाकडची वाटू लागते.

वस्त्यांच्या नावांचेही तसेच आहे. आमच्याकडे मूळ गावापासून फुटून निघालेली वस्ती म्हणजे टोली किंवा टोला, यवतमाळकडे कोलामांचा पोड, मेळघाटात कोरकूंचा ढाणा, बंजाऱ्यांचा तांडा. शिवाय साहसी पात्रांनी शोधायला जावे असे ओसाड ठिकाण हवे असेल, तर महसुली कागदात माणूस न उरलेल्या गावापुढे ‘रिठी’ असे लिहिलेले असते, तो शब्द घ्यावा. ‘भग्नावशेष’ हा शब्द लिहून मुलांच्या अंगावर काटा येणार नाही, ‘रिठी’ने येईल.

यवतमाळ जिल्ह्यातून

रिठीबद्दल पूर्ण सहमत आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्या मते तयार उत्तर आहे : बलुतेदार. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासांत, म्हणजे ओळींत, मांडलेली गावच्या कारागिरांची यादी म्हणजे गाव भरण्याचा सिद्ध आराखडाच आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशी नावे एकामागून एक घेतली की सूत्रधाराचे निम्मे काम होते. त्यात आपल्याकडची नावे घालावीत : परिटाऐवजी वरठी, सालगड्याऐवजी सालदार, गुराख्याऐवजी गायकी. गायकीविषयी मात्र सावध करतो. ‘सकाळी आखरावर गावचा गायकी भेटतो’ (आखर म्हणजे गुरे गोळा होण्याची जागा) असे वाक्य मी एका गोष्टीत लिहिले होते, आणि मुंबईच्या एका वाचकाने ते गाण्याच्या बैठकीचे वर्णन समजून मला घराणे कोणते असे विचारले.

हिंगणघाट तालुक्यातून

बलुतेदार हा शब्द या कामासाठी वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बलुते म्हणजे व्यवसायांची यादी नव्हती. कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरे, आणि त्याबदल्यात खळ्यावर किती धान्य मिळेल हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. आपण सांगितलेल्या थोरल्या कासेतच महार आणि मांग येतात, आणि आपण नावे घेताना नेमकी तीच वगळलीत. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडले. त्यानंतर गावाने त्यांना कसे वागवले हे आमच्या घरात अजून सांगितले जाते. ज्या खेळात कोणतेही मूल कोणतेही पात्र घेऊ शकते, त्या खेळात माणसाला बलुतेदार म्हणून उभे केले की त्याच्या मुलाने काय व्हायचे तेही आपण ठरवून टाकतो. कारागीर म्हणा, कसबी म्हणा. लोहाराची मुलगी वैद्य झालेली दाखवा; कल्पित गावात तेवढी मोकळीक आपल्या हातात आहे.

यवतमाळ जिल्ह्यातून

आपले म्हणणे मी मानतो. यादी उपयोगी आहे असे मला अजूनही वाटते, पण तो शब्द मुलांपुढे ठेवणार नाही.

अमरावतीहून, निवृत्त मराठी शिक्षक

‘गायकी’च्या उदाहरणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो. जो शब्द दोनशे कोसांवर भलताच अर्थ देतो, तो लिखित मजकुरात घालताना विचार व्हावा. गुराखी हा शब्द सगळ्यांना कळतो.

दर्यापूर तालुक्यातून

गुरुजी, ही टिपणे आर्वीच्या मुलांसाठी आहेत, मुंबईच्या वाचकासाठी नव्हेत. प्रत्येक वेळी सगळ्यांना कळणाराच शब्द निवडायचा म्हटले तर आमचा शब्द कोणाच्याही मजकुरात कधीच येणार नाही, आणि मग तो कोणाला कळत नाही असे पुन्हा आम्हालाच सांगितले जाईल.

देसाईगंजहून

खेळाडू नसलेल्या पात्रांसाठी ‘सोंग’ सुचवतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार या लोकनाट्यामध्ये एकच माणूस एकामागून एक सोंगे घेऊन येतो आणि सूत्रधाराचे काम नेमके तेच आहे. ‘या गावात सात सोंगे आहेत’ हे वाक्य आमच्याकडच्या मुलाला समजावून सांगावे लागणार नाही.

हिंगणघाट तालुक्यातून

शब्द गोड आहे, पण ‘सोंग घेतले’ याचा अर्थ ढोंग केले असाही होतो. मुले त्या माणसांवर विश्वासच ठेवणार नाहीत.

आर्वी तालुक्यातून, मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘रिठी’ घेतला आहे, पटवारी घेतला आहे, आणि बलुतेदार घेणार नाही. सोंग हा शब्द मुलांपुढे ठेवून पाहिला, तर निम्म्यांना फार आवडला आणि उरलेली मुले ‘गावकरी’ म्हणत राहिली, तेव्हा तूर्त दोन्ही चालू आहेत. क्रियापदाबाबत मी ‘बसवू या’ पुन्हा लिहिले आहे. गुरुजींचा भेद मला पटतो, पण हाताला ‘वसवू या’ येत नाही.

आता नवा पेच असा आहे की, इंग्रजी टिपणांत वेशीवरच्या पहारेकऱ्यांचा नायक आहे आणि त्याला मी कोतवाल म्हटले आहे. जुन्या शहरांत कोतवाल हा मोठा अधिकारी असे, पण आमच्या गावात कोतवाल म्हणजे दवंडी देणारा आणि पटवाऱ्याचा निरोप घरोघरी पोहोचवणारा माणूस. एका मुलाने त्याच्यापुढे तलवार उपसायचीच नाकारली, कारण त्याचे काका कोतवाल आहेत. शिवाय लोहाराच्या जागी ‘खाती’ लिहू का?

दर्यापूर तालुक्यातून

खाती अवश्य लिहावे. आमच्याकडे वखराची पास, म्हणजे लोखंडी पाते, त्याच्याकडूनच शेवटून, म्हणजे धार ठोकून, आणतात.

भंडारा जिल्ह्यातून

पण खाती म्हणजे लाकूडकाम करणारा ना? आमच्या नात्यातल्या वऱ्हाडी मंडळींकडून मी बंडीचे चाक खात्याकडे दिल्याचे ऐकले आहे.

दर्यापूर तालुक्यातून

चाकाला लोखंडी धाव चढवायला दिले असेल.

अमरावतीहून, निवृत्त मराठी शिक्षक

आमच्या लहानपणी तो दोन्ही कामे करीत असे. पास शेवटणे आणि बंडीचा आरा बसवणे ही कामे एकाच भात्याशेजारी होत, आणि येथे ‘बसवणे’ हेच क्रियापद योग्य आहे, कारण आरा, म्हणजे चाकाची दांडी, तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, बसतो.