मदत हवी आहे: पायथॉनमध्ये वजा आकडा १६ बिटांच्या हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा १६ खुणांच्या आकड्यांत) कसा पाठवायचा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. चिंचोळी एमआयडीसीत एका आइस्क्रीमवाल्यांच्या कोल्ड रूमचं पॅनल करतोय. खोली वजा १८.५ वर ठेवायची आहे. कंट्रोलरशी बोलणं मॉडबसवरून (यंत्रांची आपसात बोलायची ठरलेली भाषा), आरएस-४८५ जोडणीच्या दोन वायरी, लॅपटॉपवर पायथॉन. कंट्रोलर आकडा दहापटीत घेतो. २५.० साठी २५०, म्हणजे ००एफए पाठवलं, डिस्प्लेवर लगेच २५.० आलं.

गाडी अडली ती वजावर. हेक्स फंक्शनला वजा १८५ दिलं की ते ‘-०एक्सबी९’ देतं. मला बाइट्स हवेत, त्यात वजाचं चिन्ह ठेवू कुठे? म्हणून पुढची तीन अक्षरं छाटली, डावीकडे शून्यं लावली आणि ००बी९ पाठवलं. कंट्रोलरने निमूट घेतलं. डिस्प्लेवर १८.५, वजाशिवाय. कॉम्प्रेसर बंद झाला आणि खोली तापायला लागली. बाहेर आपलं एप्रिलचं ऊन. माल अजून भरायचा होता म्हणून निभावलं, नाहीतर एवढं नुकसान मी भरून देऊ शकलो नसतो. तेव्हापासून नुसता कोड नकोय, हे नीट समजून घ्यायचंय.

मॅन्युअलमध्ये ‘१६ बिट साइन्ड, टूज कॉम्प्लिमेंट’ (वजा आकडे बिटांत लिहायची पद्धत) एवढंच लिहिलंय. एका जुन्या बिलाच्या पाठीमागे हाताने करून पाहिलं: ००बी९ चे सगळे बिट उलटे केले, एफएफ४६ आलं, त्यात १ मिळवला, एफएफ४७. हे बरोबर आहे का? असेल तर पायथॉन हेच का देत नाही? पुढे हे काम सी मध्ये छोट्या बोर्डावर न्यायचंय. तिथे शॉर्टमधला (१६ बिटांच्या पूर्णांकातला) तोच आकडा प्रिंटएफने एफएफएफएफएफएफ४७ दाखवला. ही आठ अक्षरं कुठून आली?

(मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोड शब्दांत सांगितलाय.)

प्रतिसाद १

दादा, एफएफ४७ अगदी बरोबर. मागावरचा चाकांचा पिक काउंटर (विणलेले आडवे धागे मोजणारा) आठवा. सगळी शून्यं असताना एक घर मागे फिरवला की सगळीकडे ९ येतात. तुमचं रजिस्टर (कंट्रोलरमधला आकडा ठेवायचा १६ बिटांचा कप्पा) तसंच, फक्त चाकं चार आणि प्रत्येक चाकावर १६ खुणा. ०००० वरून १८५ घरं मागे गेलात की एफएफ४७ वर थांबता. म्हणजे ६५५३६ मधून १८५ गेले, ६५३५१ उरले.

पायथॉनच्या पूर्णांकाला चाकं किती हे ठरलेलंच नाही, हवा तेवढा मोठा होतो. मग मागे फिरवल्यावर एफ किती लिहायचे? म्हणून तो वजाचं चिन्ह लावून मोकळा होतो. रुंदी तुम्ही सांगायची: आकडा & ६५५३५ करा (हा मास्क, म्हणजे खालचे १६ बिटच ठेवायचे) आणि येईल ते फॉर्मॅट फंक्शनला ‘०४एक्स’ देऊन छापा.

सी मध्ये उलटं होतं. प्रिंटएफला देताना शॉर्टचा इंट होतो, तुमच्या बोर्डावर इंट ३२ बिटांचा असणार, आणि वजा असल्यामुळे डावीकडची जागा एकांनी भरते. तिथेही & ६५५३५ करा, किंवा आधी १६ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात घ्या.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण ज्या खोलीत माल राहणार आहे तिथे नुसत्या मास्कवर विसंबू नका. १६ बिट साइन्डमध्ये वजा ३२७६८ ते ३२७६७ एवढंच मावतं. चुकून ४०००० गेलं तर मास्क हूं की चूं करणार नाही आणि कंट्रोलर ते वजा २५५३६ वाचेल. त्यापेक्षा पूर्णांकाचं टू_बाइट्स वापरा: लांबी २, क्रम ‘बिग’, साइन्ड ट्रू. आकडा मावला नाही तर ते तिथेच ओव्हरफ्लोची एरर देतं. ‘बिग’ यासाठी की मॉडबसमध्ये रजिस्टरचा वरचा बाइट आधी जातो.

दहाने गुणल्यावर इंट लावू नका, राउंड लावा. इंट दशांश सरळ कापतो.

आणि सेटपॉइंट (खोलीचं ठरवलेलं तापमान) लिहिला की तेच रजिस्टर परत वाचून ताडून बघा. वाचलेला आकडा ३२७६८ किंवा जास्त असेल तर त्यातून ६५५३६ वजा करायचे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काउंटरवरून एकदम डोक्यात बसलं. घरात माग होते, लहानपणी तो काउंटर मी हाताने फिरवलाय.

टू_बाइट्स लावलं. आधी टेबलावर सुट्या कंट्रोलरवर करून पाहिलं: वजा ०.१ ला एफएफएफएफ, वजा १८.५ ला एफएफ४७. मुद्दाम ४०००० दिलं, एरर आली, वायरवर काही गेलं नाही. मग संध्याकाळी खोलीवर जाऊन लिहिलं आणि परत वाचलं. ६५३५१ आलं, ६५५३६ वजा केले, वजा १८५. डिस्प्लेवरही वजा १८.५, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.