गणवेशात वाढीची माया सक्तीची करावी का?

टाचणी:
'एक राज्य, एक गणवेश' योजनेत २०२४-२५ मध्ये शिलाई बचतगटांकडे गेली, मापं चुकल्याची ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. शिंप्याशी आता समितीच बोलणार, तर एक अट घालाच : प्रत्येक गणवेशात वाढीची माया, म्हणजे पुढे सोडवता येईल असं आत दुमडलेलं जास्तीचं कापड. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतं. पिनोफ्रॉकच्या खालच्या घेरात १ सेंमीच्या तीन टका, म्हणजे शिवलेल्या आडव्या घड्या, घाला. एक टक २ सेंमी कापड खाते, म्हणजे ६ सेंमी हाताशी राहतात. पँटला खाली तेवढीच दुमड, मागच्या मधल्या शिवणीत कंबरेपाशी दोन्हीकडे अडीच-अडीच सेंमी. रेडिमेडमध्ये ओव्हरलॉकजवळ (कापडाच्या कडेच्या टाक्यापाशी) जेमतेम १ सेंमी असतो, तिथे सोडवणार काय? दरवर्षी धडधाकट गणवेश फेकले जातात ते यामुळेच.

काजंबटण:
साफ असहमत. गणवेश लांबीपायी बाद होत नाही. हाफपँट सीटवर विरते आणि शर्ट खांद्यात, मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) तंग होतो. मुंढ्यात माया ठेवून दाखवा. गोल शिवण नीट बसायला मायेला कात्रे, म्हणजे छोटे छेद, द्यावे लागतात. कात्रे दिले की ती माया संपली, नाही दिले तर काखेत गोळा. अट घालायचीच तर सीटला आतून त्याच कापडाचा दुहेरी तुकडा लावण्याची घाला. पण नवा असतानाच. विरल्यावर लावलेलं ठिगळ कडेनेच फाटतं.

आणि हिशेबही चुकलाय. उंची ६ ने वाढली म्हणून फ्रॉक ६ ने आखूड होत नाही, फार तर निम्म्याने. तुमच्या तीन टका दोन वर्षं पुरतील. तोवर खांदा राहतोय का?

टाचणी:
हिशेब मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे की! खांद्याचं म्हणाल तर पिनोफ्रॉकला पट्टे असतात, पट्ट्याला दोन बटणं जास्त लावा. शर्टाचं खरं आहे, तो बदलावाच लागेल.

धावदोरा:
माया असावी, पण टाचणींनी अडचणीची बाजू गाळलीय. टक सोडली की रेघ दिसते. आत दुमडलेल्या कापडाला ऊन आणि घासणं लागलेलं नसतं, त्यामुळे तिथे गडद पट्टा उरतो. निळ्यावर तर लांबून दिसतो. इस्त्रीने घडी जाते, रंगाचा फरक नाही. त्यावर गडद फीत लावणं हाच उपाय, पण ती चालेल असं शाळेने आधी लिहून द्यायला हवं, नाहीतर मुलीला प्रार्थनेच्या रांगेत बोलणी बसतात. टकेला टीप लांब, ४ मिमीची मारा. बारीक टीप उसवताना कापडाला भोकं पडतात. सुती कापड असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. आधी शिवलं तर धुण्यात कापड आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, आणि टक सुरकुतते.

बोहारीण_नको:
उसवाउसवी करणार कोण? घरोघरी शिलाई मशीन नाही आणि शिंपी दुरुस्तीला नाखूश असतो. त्यापेक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेतच मापानुसार अदलाबदल करा. अटी दोनच : रंग निदान पाच वर्षं बदलायचा नाही, आणि बोधचिन्ह खिशावर भरतकाम करून नव्हे तर बटणाच्या वेगळ्या बिल्ल्यावर.

दुसरं म्हणजे कापड. बहुतेक गणवेश टेरीकॉटचे, पॉलिएस्टर ६५ आणि सूत ३५ असे. टिकतात खरे, पण घाम टिपत नाहीत, पुसायलासुद्धा निरुपयोगी. दोन्ही तंतू एकत्र कातलेले असल्याने यंत्राने वेगळे होत नाहीत. हे कापड संपलं की कचराच.

काजंबटण:
सुती गणवेश म्हणजे रोज इस्त्री. ती कोणाच्या वाट्याला येते तेही सांगा. आणि सीटवर टेरीकॉट जास्त टिकतं. लवकर विरणारं सूत वर्षाला दोनदा घ्यायचं, यात कचरा कुठे कमी झाला?

बोहारीण_नको:
शर्ट सुती, पँट टेरीकॉट. घाम शर्टात, घासणं पँटवर. गोधडीला शर्ट तरी येईल.

टाचणी:
चालेल. मायेच्या खर्चाचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो : १४७ सेंमी पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) लहान मापाच्या पिनोफ्रॉकचे खालचे दोन्ही भाग शेजारी-शेजारी बसतात, म्हणून नगामागे ६ सेंमीच कापड जास्त लागतं. कळीदार किंवा चुण्यांचा घेर असेल तर हे गणित लागू नाही.